जिराफ कसा ओरडतो?

नमस्कार श्रोतेहो.

घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल, तर 'इया इया यो' तुम्हालाही पाठ असणार. शेतावरची गाय, कोंबडी, बदक आणि ज्याचा त्याचा आवाज. गेल्या वर्षी आमच्या बालवाडीत मी या गाण्यातलं शेत काढलं, चाल तीच ठेवली आणि मुलांना नेलं थेट टांझानियात, सेरेंगेटीच्या माळावर. हे नाव मसाई भाषेतलं, अर्थ 'न संपणारा माळ'. "सेरेंगेटीच्या माळावर, इया इया यो!" बसतं की नाही?

पहिलं कडवं सिंहाचं. गर्जना मुलांना शिकवावी लागत नाही, थांबवावी लागते. तेवढ्यात एकानं वाघ आणला. म्हटलं, "अरे, वाघोबा आपल्या ताडोबातला. आफ्रिकेच्या रानात वाघ नसतो." स्वारी रुसून कोपऱ्यात.

मग झेब्रा. घोड्यासारखं खिंकाळायला लावून मोकळी होणार होते मी, पण आधी ध्वनिफीत ऐकली म्हणून वाचले. साधा झेब्रा चक्क भुंकल्यासारखा ओरडतो : "क्वा-हा, क्वा-हा!" दक्षिण आफ्रिकेत क्वागा नावाचा झेब्रा होता. तिथल्या खोईखोई लोकांनी त्याच्या आवाजावरूनच ते नाव ठेवलं, आपण कावळ्याला काऊ म्हणतो तसंच. शेवटचा क्वागा १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हे मुलांना नाही सांगितलं. त्यांना फक्त आवाज दिला. आणि स्वाहिलीतलं नाव, 'पुंडा मिलिया', म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं गाढव. त्यावर दहा मिनिटं हसणं चाललं होतं.

पाणघोडा मात्र मोठ्यांनी करावा. पोट धरून घोगरं "हँ हँ हँ" हसायचं, आजोबा मंडळींना छान जमतं. मुंबईकरांनो, राणीच्या बागेत त्याच्यापुढे जरा थांबून कान द्या.

खरी पंचाईत जिराफाशी झाली. "ताई, तो कसा ओरडतो?" मला काही सुचेना. मोठा जिराफ जवळजवळ गप्पच असतो. घरी जाऊन शोधलं. युरोपातल्या तीन प्राणिसंग्रहालयांत संशोधकांनी नऊशेहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. २०१५ साली त्यांनी लिहिलं, की रात्री जिराफ अगदी खालच्या पट्टीत गुणगुणतात. तेच आमचं कडवं झालं. दोन्ही हात जोडून डोक्यावर उंच धरायचे, ती मान. तेवढ्या लांब मानेतही मणके सातच, तुमच्या-माझ्याइतके. मग ओठ मिटून सगळ्यांनी "म्म्म्म…"

करून बघा आज घरी. पंचवीस पोरांचा वर्ग एका ओळीपुरता इतका शांत होतो, की बाहेरच्या कढईत खिचडीला दिलेली फोडणी ऐकू येते. आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यातून आवाज येतो, "डर्रर्र! मी ताडोबातून आलोय!"