आतड्याचा बांध आणि थकलेली किडनी

(वेंगुर्ला तालुक्यात श्रावणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दरूप)

नमस्कार मंडळी. पाऊस जरा उघडलाय तोवर सुरुवात करते, नाहीतर पत्र्याच्या आवाजात मागच्या बाकांपर्यंत माझं काही पोचायचं नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या खोलीत जाते आणि चार-चार तास पडून असलेल्या माणसांशी जेवणाखाण्याचं बोलते. दोन महिन्यांपूर्वी तिथल्या एका आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बाय, काय खावक नको ता सगळ्यांनी सांगल्यानी. खावचा काय ता कोणच सांगना नाय." पिशवीतून त्यांनी घडीवर फाटत आलेला एक कागद काढला. पालेभाजी बंद, कडधान्य बंद, नाचणी बंद, फळं बंद, नारळ बंद. मग उरलं काय? पांढरा भात, साबुदाणा, रव्याची खीर, मैद्याची बिस्किटं. मी विचारलं, "आजी, पोट साफ होतं का?" त्यांनी पदर तोंडाला लावला. चार दिवसांतून एकदा, तेही गोळी घेतली तर.

त्या पदराआड राहिलेल्या गोष्टीवर मी आज बोलणार आहे. किडनीच्या रुग्णाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती थकली ते सांगणारा रक्तातला आकडा, घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याला परसाकडे नीट होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

किडनीचं काम तुम्ही बऱ्याच वेळा ऐकलं असेल, म्हणून थोडक्यात सांगते. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर जातो. गाळण्याचा वेग मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली गेला आणि तीन महिन्यांहून जास्त काळ तसाच राहिला, की त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. 15 च्या खाली गेला की शेवटची पायरी. पण किडनी गाळून काढते तो रक्तातला कचरा येतो कुठून? त्यातला काही मोठ्या आतड्यात तयार होतो, आणि ही गोष्ट घरोघरी पोचलेलीच नाही.

आपण डाळ, अंडं, मासा खातो. त्यातलं प्रथिन बहुतेक लहान आतड्यात पचतं, थोडं उरलंसुरलं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे कोट्यवधी जिवाणूंची वस्ती आहे. त्या वस्तीला चोथा, म्हणजे धान्य-भाज्यांतला न पचणारा तंतूंचा भाग, मिळाला तर ती चोथ्यावर जगते. नाही मिळाला तर प्रथिनावर तुटून पडते. मग प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून इंडोल बनतं, टायरोसिनपासून पॅरा-क्रेसॉल. पुढे यकृतात त्यांचं इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट होतं. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. धडधाकट किडनी ही दोन्ही लघवीतून काढून टाकते. किडनी थकली की ती रक्तात साचतात आणि रक्तवाहिन्यांना, हृदयाला, शिल्लक राहिलेल्या किडनीलाही त्रास देतात. शिवाय ती रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतात, त्यामुळे डायलिसिसच्या जाळीतून नीट निघत नाहीत. 2011 साली एका अभ्यासात डायलिसिसवरच्या दोन प्रकारच्या रुग्णांचं रक्त शेजारी ठेवून पाहिलं: मोठं आतडं असलेले, आणि शस्त्रक्रियेत ते काढावं लागलेले. ज्यांना मोठं आतडं नव्हतं त्यांच्या रक्तात ही द्रव्यं अगदी कमी सापडली. म्हणजे विष बनण्याची जागा कोणती, यात शंका उरली नाही.

आता बांधाची गोष्ट. खाडीकाठची माणसं इथे बसली आहेत, त्यांना खारबांध समजावून सांगायला नको. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये मातीचा बांध. खेकड्यांनी भोकं पाडली आणि वेळेवर कुणी माती थापली नाही, की भरतीचं पाणी आत येतं आणि दोन-तीन वर्षं त्या कुणग्यात भात नीट होत नाही. आतड्याचं अस्तर हा तसाच बांध आहे. किडनी थकली की रक्तात युरिया वाढतो, तो आतड्यातही उतरतो, तिथले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि अमोनिया अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल करतो. हे खेकड्यांचं काम झालं. माती थापायला कोण? चोथा आंबवताना जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. रुग्णाचा चोथा तोडला म्हणजे बांधावरच्या गड्यांची न्याहारी तोडली.

हे मी पुस्तकातून शिकले होते. पटलं ते मात्र आमच्या घरी. माझ्या वडिलांची, अण्णांची किडनी मधुमेहाने गेली. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होईल या भीतीने मी, त्यांच्या मुलीने, त्यांच्या ताटातली नाचणीची भाकरी काढली, कुळथाची पिठी काढली, पालेभाज्या काढल्या. सगळं काढूनही एका गणपतीत त्यांचं पोटॅशियम 6.2, म्हणजे धोक्याइतकं जास्त, निघालं. मी स्वयंपाकघरात डबे उघडून शोधत बसले, यांनी चोरून खाल्लं तरी काय. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी अण्णांच्या पोटावर डाव्या बाजूला बोटं दाबली आणि विचारलं, "किती दिवस झाले नाही?" सहा दिवस झाले होते. ते मला कळलं नव्हतं.

निरोगी माणसाचं पोटॅशियम जवळजवळ सगळं लघवीतून जातं, विष्ठेतून जेमतेम दहावा हिस्सा. किडनी थकली की मोठं आतडं आपणहून हे काम अंगावर घेतं आणि तो वाटा दुप्पट-तिप्पट होतो. त्या माणसाला बद्धकोष्ठ झालं तर हीच वाट बंद पडते. पोटॅशियमच्या नावाने मी अण्णांचं जे खाणं बंद केलं होतं, त्याने पोटॅशियम बाहेर जायची वाटच अडवली. या गोष्टीची टोचणी मला अजून आहे, आणि म्हणूनच मी गावोगाव हे सांगत फिरते.

तर मग खायचं काय? आधी एक नीट ऐका: पोटॅशियम आणि फॉस्फरसचा ताजा रिपोर्ट पाहिल्याशिवाय, आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय, माझं ऐकून ताट बदलू नका. एकदा गेलेली किडनी चोथ्याने परत येत नाही. पण 2015 मध्ये अशा रुग्णांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात चोथा वाढवल्यावर रक्तातला युरिया आणि क्रिएटिनिन काहीसं उतरलेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम चोथा सांगते. आजींच्या कागदावरच्या जेवणात तो सात-आठ ग्रॅमच्या वर जात नव्हता.

शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा पावणेतीन ग्रॅम, नाचणीत 11 ग्रॅम. एका बेताच्या भाकरीला 40 ग्रॅम पीठ धरा: साडेचार ग्रॅम चोथा आणि पोटॅशियम पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. मोठ्या शहाळ्यात याच्या दुप्पट-तिप्पट पोटॅशियम असतं. तरी "शहाळं थंड, किडनीला बरं" म्हणून आपण आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळीच घेऊन जातो आणि नाचणीला घाबरतो. नाचणीत फॉस्फरस असतो हे खरं. पण धान्या-कडधान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या द्रव्यात अडकलेला असतो आणि तो सोडवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या पोटात जवळपास नसतंच, त्यामुळे त्यातला बराच अंगी लागत नाही. पाकिटबंद पदार्थांत आणि काळ्या कोलामध्ये घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो.

पालेभाजीचा उपाय आपल्या आयाबायांकडेच होता. भारंगीचा पाला उकडून, पाणी ओतून, घट्ट पिळूनच फोडणीला टाकायचा. त्यांना कडूपणा घालवायचा होता. त्याच पाण्याबरोबर पोटॅशियमचा मोठा हिस्सा जातो आणि चोथा भांड्यात राहतो. टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला, सगळ्याला हेच करा. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी आमटीला वापरू नका. कुळीथ, काळे वाटाणे रात्रभर भिजवा, भिजवल्याचं पाणी ओतून टाका, नव्या पाण्यात शिजवा, आणि वाटी अर्धीच घ्या.

मासे सोडा असं मी म्हणत नाही. ताज्या माशाचा तुकडा प्रथिनाच्या हिशेबात बसतो, आणि डायलिसिसवरच्या माणसाला तर प्रथिन जास्तच लागतं, वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण एक ते सव्वा ग्रॅम. सुकट, खारा बांगडा, पापड, लोणचं मात्र मिठामुळे नको.

दोन धोके सांगते. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावं लागतं, आणि डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून मिळतं. तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. दुसरं, परसातलं करमळ, आडवं कापलं की चांदणीसारखं दिसणारं ते आंबट फळ. त्यातलं विष किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर जातं: आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके, आणि माणसं दगावलीसुद्धा आहेत. एक फोडसुद्धा देऊ नका.

त्या आजींचा रिपोर्ट पाहून, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून, आम्ही हळूहळू सुरुवात केली. पहिले दहा दिवस फक्त पाव भाकरी, कारण एकदम वाढवलं तर पोट फुगतं. मागच्या मंगळवारी त्यांनी मला डबा उघडून दाखवला. नाचणीची अर्धी भाकरी, मूठभर भारंगी, बाजूला ताज्या बांगड्याचा एक तुकडा. मी विचारलं, "पाणी ओतलंत ना?" "दोनदा ओतलंय," त्या म्हणाल्या, आणि मग पदर न लावता, शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि आता एक दिवसाआड होता हा गे."