स्पॅनिश-इंग्रजी शाळेत मूल घालताना

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर संपत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. मूल साडेचार वर्षांचं झालंय, येत्या ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल, आणि आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळांपैकी, एका शाळेत स्पॅनिश-इंग्रजीचा ड्युअल लँग्वेज वर्ग आहे. घालायचं का तिथे? आईला स्पॅनिश येत नाही, बाबांना येत नाही, घरात मराठी. एवढ्याशा डोक्यात तीन भाषा मावतील का?

मावतात. अडचण तिथे नाहीच. अडचण येते ती पालकांच्या धीराची. हा प्रवेश एका वर्षाचा नसतो, किंडरगार्टन ते पाचवी अशा सहा वर्षांचा असतो. बऱ्याच शाळा प्रवेशाच्या वेळी तशा कागदावर सहीसुद्धा घेतात. दुसरीत मूल काढून घेतलं, तर स्पॅनिश टिकण्याइतकी रुजलेली नसते आणि इंग्रजी वाचनाला नुकती कुठे सुरुवात झालेली असते. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. सहा वर्षं थांबायची तयारी नसेल, तर साधा इंग्रजी वर्ग बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता या वर्गांत नेमकं काय चालतं ते बघू. जाहिरातीत सगळ्याच शाळा 'बायलिंग्वल' म्हणतात, पण आत फार फरक असतो. नव्वद-दहा पद्धतीत किंडरगार्टनला दिवसाचा नव्वद टक्के वेळ स्पॅनिश असते. दिवसाला ३०० मिनिटं शिकवणं धरलं, तर २७० मिनिटं स्पॅनिश आणि अर्धा तास इंग्रजी. मग वर्षागणिक इंग्रजी वाढत जातं आणि चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्या होतात. पन्नास-पन्नास पद्धतीत पहिल्या दिवसापासून अर्धं-अर्धं. कुठे सकाळी एक भाषा नि दुपारी दुसरी, कुठे गणित इंग्रजीत नि विज्ञान स्पॅनिशमध्ये. या दोन्ही पद्धती खऱ्या. पण आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास गाणी आणि रंगांची नावं, याला ड्युअल लँग्वेज म्हणत नाहीत. तो एक छान तास असतो, त्यातून भाषा येत नाही. म्हणून शाळेला पहिला प्रश्न हाच विचारा: किंडरगार्टनला रोज किती मिनिटं स्पॅनिश, आणि त्या मिनिटांत कोणते विषय?

हे वर्ग मुळात कोणासाठी सुरू झाले, हेही माहीत असलेलं बरं. १९६३ साली मायामीच्या कोरल वे शाळेत क्यूबातून आलेल्या निर्वासितांची मुलं आणि इंग्रजी बोलणारी मुलं दोन्ही भाषांत शिकू लागली. १९७१ साली कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीला इंग्रजी घरांतल्या मुलांना थेट स्पॅनिशमधून शिकवायला सुरुवात झाली. त्यासाठी नमुना होता कॅनडातल्या माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टचा, जिथे १९६५ मध्ये इंग्रजी मुलांचा फ्रेंच वर्ग निघाला होता. कॅलिफोर्नियात मध्यंतरी, १९९८ च्या मतदानानंतर, असे वर्ग चालवणं अवघड झालं होतं. २०१६ च्या मतदानाने ती आडकाठी निघाली. आज तिथल्या एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये असा वर्ग नव्याने निघालेला दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

टू-वे म्हणतात त्या वर्गात, म्हणजे जिथे दोन्ही भाषांची मुलं एकत्र शिकतात तिथे, घरी स्पॅनिश बोलणारी मुलं निदान एक तृतीयांश हवीत. ती मुलं वर्गात नुसती विद्यार्थी नसतात, भाषेचा जिवंत झरा असतात. खेळाच्या मैदानावर, डबा खाताना आपलं मूल स्पॅनिश उचलतं ते त्यांच्याकडून. त्यांचा या जागांवर हक्क आहे. ज्या शाळेत ती मुलं कमी होत जातात, तिथे स्पॅनिश फक्त बाईंच्या तोंडी उरते. दुसरा प्रश्न म्हणून हा आकडा विचारा.

आता फॉर्म. या वर्गाच्या जागा बऱ्याचदा लॉटरीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून देतात. लॉटरीचे अर्ज बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान असतात आणि निकाल मार्चच्या आसपास लागतो. तारखा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरच बघा, शेजाऱ्यांच्या आठवणीवर जाऊ नका. काही ठिकाणी पालकांच्या माहिती-सभेला हजेरी लावल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. वयाची अट कॅलिफोर्नियात आणि टेक्सासातही सारखीच आहे: १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण हवीत. कागद लागतात ते जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा म्हणून घराचा करार नि विजेचं बिल, आणि लसीकरणाची नोंद.

लसींपाशी भारतातून आलेल्या घरांचं हटकून अडतं. कॅलिफोर्नियात किंडरगार्टनसाठी सर्वसाधारणपणे डीटॅपचे (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) पाच, पोलिओचे चार, हेपटायटिस बीचे तीन, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन आणि कांजिण्यांचे दोन डोस दाखवावे लागतात. आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात. तो डोस इथे मोजत नाहीत, कारण एमएमआरचे दोन्ही डोस पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर दिलेले असावे लागतात. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी कार्यक्रमात नाही, त्यामुळे ती बऱ्याचदा राहून गेलेली असते. दोन डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं, म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांकडे जा. ऑगस्टमध्ये धावाधाव करून भागत नाही.

त्याच गठ्ठ्यात एक साधा दिसणारा कागद असतो, होम लँग्वेज सर्व्हे. मूल बोलायला लागलं तेव्हा पहिली भाषा कोणती? घरात ते जास्त कोणती भाषा बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? इथे पुष्कळ पालक दचकतात. 'मराठी' लिहिलं तर मुलाला मागे टाकतील, या भीतीने सगळीकडे 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. असं करू नका. मराठी लिहिलं की किंडरगार्टनच्या मुलाची इंग्रजीची एक चाचणी होते. कॅलिफोर्नियात तिचं नाव एलपॅक, आणि ती प्रवेशानंतर ३० दिवसांत घेतात. इंग्रजी चांगलं येत असेल तर विषय तिथेच संपतो. येत नसेल, तर मुलाला इंग्रजीची जादा मदत मिळणं हा त्याचा हक्कच आहे. मात्र त्या मुलाची दर वर्षी चाचणी होत राहते, पुरेसं इंग्रजी आल्याचं ठरेपर्यंत, हेही लक्षात असू द्या. स्पॅनिश येतं का हे बघणारी चाचणी वेगळी असते, ती शाळा जागा वाटताना घेते.

शाळा सुरू झाली की पहिले काही महिने मूल स्पॅनिशमध्ये गप्प असतं. बाईंचं ऐकतं, हातवारे बघतं, रांगेत उभं राहतं, पण उत्तर इंग्रजीत देतं किंवा देतच नाही. हा ऐकण्याचा काळ आहे. घरी आल्यावर 'आज काय शिकलास, म्हणून दाखव' असा तगादा लावू नका.

वाचनाची सुरुवात बघाल तर ओळखीची वाटेल. मा, मे, मी, मो, मू. सा, से, सी, सो, सू. सरळ आपली बाराखडी! स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आणि प्रत्येकाचा उच्चार ठरलेला, म्हणून मुलं लवकर वाचती होतात. मराठी घरातल्या मुलाला आणखी एक आयता फायदा मिळतो. स्पॅनिशमधला 'त' आपल्या 'ताटा'तला आहे, टोमॅटोला ते 'तोमाते' म्हणतात. निव्वळ इंग्रजी ऐकलेल्या मुलाची जीभ तिथे 'ट'कडे वळते, आपल्या मुलाची वळत नाही. आणि वाक्य बघा. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्यामागे जातं, माझ्यामागे नाही. इंग्रजीतून स्पॅनिशकडे येणाऱ्याला हे उलटं वाटतं, मराठी मुलाच्या कानाला ते सवयीचं असतं. तू आणि तुम्ही यांतला फरकही तिथे आहे, 'तू' आणि 'उस्तेद'.

पहिली-दुसरीत वहीत चुका दिसतील. 'हाउस' हा इंग्रजी शब्द मूल जे-ए-यू-एस असा लिहील, कारण स्पॅनिशमध्ये 'जे'चा उच्चार 'ह'च्या जवळ जातो आणि 'एच' मुका असतो. 'लाइक' होईल एल-ए-आय-के. मूल गोंधळलेलं नाही. एका भाषेचे नियम दुसऱ्या भाषेला नेमके लावतंय, म्हणजे त्याला आवाज आणि अक्षर यांची सांगड कळलेली आहे. इंग्रजी वाचन रीतसर सुरू झालं की हे आपोआप गळून पडतं.

खरा पेच तिसरीत येतो. राज्याच्या परीक्षा तिसरीपासून सुरू होतात. नव्वद-दहाच्या वर्गातलं मूल तोवर इंग्रजीत फार कमी शिकलेलं असतं. शेजारच्या शाळेतली मुलं जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचतात, आपलं मूल अडखळतं, आणि पालक नाव काढून घेतात. नेमकी चुकीची वेळ. ऑरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये लॉटरीत जागा मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना झाली होती. जागा मिळालेली मुलं पाचवीत इंग्रजी वाचनात सुमारे सात महिने पुढे निघाली, आठवीत नऊ महिने. तुलना लॉटरीतली असल्यामुळे 'हुशार घरचीच मुलं तिथे जातात' हा आक्षेप तिला लागू होत नाही. टेक्सासात तिसरी ते पाचवीची स्टार, म्हणजे राज्याची परीक्षा, स्पॅनिशमध्येही देता येते. तुमची शाळा कोणत्या भाषेत बसवते ते दुसरीतच विचारून ठेवा.

पण प्रत्येक अडखळणं 'होईल हळूहळू' म्हणून सोडूही नका. मूल मराठीतसुद्धा अडखळत असेल, साध्या गोष्टीचा क्रम सांगू शकत नसेल, तर दोष दोन भाषांचा नाही. आधी कान तपासा. मग मुलाला शिकण्यात काही अडचण आहे का, हे तपासणाऱ्या मूल्यमापनाची मागणी शाळेकडे लेखी करा. तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही. आणि मराठीही विचारात घ्या, असं त्यात स्पष्ट लिहा.

घरी पालकांचं काम काय? स्पॅनिश शिकवणं नाही. बाई रोज वीस मिनिटं वाचन सांगतात, तेव्हा मूल स्पॅनिश पुस्तक मोठ्याने वाचेल, तुम्ही शेजारी बसून ऐका आणि 'यात काय झालं?' ते मराठीत विचारा. मूल मराठीत सांगतं, तेव्हा त्याला अर्थ लागलाय की नुसता उच्चार केलाय, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. नंतर तुम्ही मराठी गोष्ट वाचून दाखवा. शाळेसाठी म्हणून घरची भाषा इंग्रजी करून टाकणं ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक आहे. स्पॅनिश बाईंकडून मिळेल, इंग्रजी रस्त्यावर मिळेल. मराठी फक्त तुमच्याकडून आणि फार तर रविवारच्या मराठी शाळेतून मिळते.

शाळा बघायला जाल तेव्हा भिंती बघा, मुलांच्या हाताने लिहिलेलं स्पॅनिश लावलंय का. बाई रांग लावताना, रागावताना कोणती भाषा वापरतात ते ऐका. किंडरगार्टनला चोवीस मुलं होती तर पाचवीत किती उरली, ते विचारा. शाळेची बस या वर्गाच्या मुलांना मिळते का, तेही विचारा. लांबून येणाऱ्यांना अनेक ठिकाणी ती नसते, आणि सहा वर्षं रोज दोनदा गाडी चालवायची असते. धाकटं भावंड असेल तर त्याला प्राधान्य मिळतं का, याचा नियम लेखी बघून घ्या.

लॉटरीत नंबर लागला की ठरलेल्या तारखेच्या आत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्याला जाते. नाही लागला तर प्रतीक्षायादीत नाव राहू द्या आणि शेजारच्या शाळेतही नोंदणी करून ठेवा. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेनंतर बहुतेक शाळा स्पॅनिश न येणाऱ्या नव्या मुलाला घेत नाहीत, त्यामुळे खरी संधी या पहिल्याच वर्षी असते. यादी ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात पुन्हा हलते, कारण काही मुलं आलेलीच नसतात. त्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला तरी उचला. उत्तर द्यायला कधीकधी एकच दिवस मिळतो.