कडेलाच खोली का चुकते?

नमस्कार मंडळी. सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनवर, देव्हाऱ्याच्या दारावर कमळ कोरलं, पाकळ्या सुरेख उतरल्या, पण नक्षीच्या चारी बाजूंनी नको तेवढा खोल चर पडला, की कारखान्यात पहिला हात जातो तो झेड झीरोकडे, म्हणजे जिथून खोली मोजली जाते त्या शून्य उंचीकडे. तो हात आवरा. आधी स्क्रीनवर प्रीव्ह्यू फिरवून कडा जवळून बघा. चर तिथेही दिसत असेल तर मशीन निर्दोष आहे; चूक फाइलमध्ये किंवा टूलपाथमध्ये, म्हणजे बिट (कापणारं पातं) फिरण्याच्या आखलेल्या मार्गात आहे. प्रीव्ह्यू स्वच्छ असेल तरच फळी, बेड (मशीनचं टेबल) आणि बिट तपासायचं.

सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ते हद्दीच्या, म्हणजे बिटने कुठपर्यंत फिरायचं त्या रेषेच्या, चुकीमुळे. मॉडेल जिथे संपतं त्यापलीकडची उंची सॉफ्टवेअर साधारणपणे शून्य धरतं, म्हणजे मॉडेलचा तळ. ६ मिमीच्या बॉलनोजची (गोल टोकाच्या बिटची) त्रिज्या ३ मिमी. कडा साफ निघावी म्हणून आपण हद्द ३ मिमी बाहेर सरकवतो, आणि बिट मॉडेलबाहेर पडताच थेट तळाला जातं. हद्द सरकवलीच नाही, तर बिटचा मध्य कडेच्या रेषेवर थांबतो आणि बाहेरच्या अंगाला गोलसर उभार उरतो. उपाय असा: नक्षीभोवती, चौकटीला हव्या त्या उंचीची सपाट पट्टी मॉडेलमध्येच जोडा. रुंदी किमान बिटच्या व्यासाएवढी ठेवा, मग हद्द खुशाल बाहेर न्या. बिट त्या सपाटीवरून फिरेल. बाहेरचा आकार कापायचा तो शेवटी, सरळ एंड मिलने (सपाट टोकाच्या, सरळ बाजूंच्या बिटने). टेपर (टोकाकडे निमुळत्या) बिटने उभी भिंत मागू नका. बिटचा उतार एका बाजूला ५ अंश असेल, तर २० मिमी खोलीवर भिंत जवळजवळ पावणेदोन मिमी तिरपी राहणारच.

ग्रेस्केल चित्रावरून, म्हणजे छटेवरून उंची ठरणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून, उठाव काढत असाल तर कडेचे पिक्सेल मोठे करून बघा. पांढरा आणि काळा यांच्यामध्ये राखाडी पिक्सेलची बारीक ओळ दिसली, की लाकडात तिथे पायरी येणार. जेपीईजीमध्ये कडेशेजारी ठिपके उमटतात, त्यांचे खड्डे होतात. पीएनजी घ्या, जमल्यास १६ बिटची (इथे बिट म्हणजे छटांचं माप, पातं नव्हे). ८ बिटमध्ये २५६च छटा असतात. १० मिमी खोलीला एक पायरी सुमारे ०.०४ मिमीची होते. पारदर्शक पार्श्वभूमी तशीच सोडू नका. ती काळी वाचली गेली तर सगळी बाजू तळाला जाते.

नेमप्लेटच्या अक्षरांचं गणित वेगळं. व्ही-बिटची (व्ही आकाराच्या टोकदार बिटची) खोली रेघेच्या रुंदीवरून ठरते. १० मिमी रुंद रेघेला ९० अंशाचं बिट ५ मिमी उतरतं, ६० अंशाचं ८.६६ मिमी. सॉफ्टवेअरमध्ये ६० निवडलं आणि कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) ९० लावलं, तर तीच रेघ १७ मिमीच्या वर फाकते. बिटवरचा कोन वाचल्याशिवाय फाइल चालवू नका. रुंद अक्षरांना खोलीची मर्यादाही घाला, नाहीतर १२ मिमीची फळी आरपार जाईल.

आता मुंबईचा पावसाळा. एमडीएफ (लाकडाच्या भुशातंतूंची दाबून केलेली फळी) ओल धरतो आणि कापलेल्या कडांनी सगळ्यात जास्त फुगतो. मधोमध झीरो घेतला आणि कड अर्धा मिमी वर असली, तर ९० अंशाच्या बिटने कडेची रेघ १ मिमी जास्त रुंद होते. गणपतीच्या मखराच्या पॅनेलवर हा फरक लांबूनही डोळ्यांत भरतो. चारही कोपरे आणि मध्य, पाच ठिकाणी जाडी व्हर्नियरने मोजा. १८ लिहिलेली फळी १७.६ भरली तर सॉफ्टवेअरमध्ये १७.६च घाला. फळी वाकलेली असेल तर कडेलाही क्लॅम्प हवेत. स्पॉइलबोर्ड (कामाखाली बेडवर ठेवायची फळी) पावसाळ्यात पुन्हा फेसिंग करून, म्हणजे वरून सपाट छिलून घ्या, तोही एमडीएफच असतो.

प्रीव्ह्यू ठीक, फळी सपाट, तरी चूक आहे? मग काम संपल्यावर बिट पुन्हा झेड झीरोवर आणा आणि न कोरलेल्या भागावर कागद सरकवून बघा. बिट लाकडात रुतलं, तर ते कोलेटमधून खाली सरकलं असू शकतं: कोलेट उघडून भुसा काढा, झिजलं असेल तर बदला. बिट आणि कागदामध्ये फट राहिली, तर झेडची (बिट वर-खाली नेणारी) मोटर स्टेप चुकवत, म्हणजे सांगितल्यापेक्षा कमी फिरत असू शकते: खाली उतरण्याचा वेग निम्म्यावर आणा आणि तुकड्यावर १०० बाय १०० मिमीचा चौकोन कोरून चारही कोपऱ्यांची खोली मोजा.