ऑपरेशन झालं, बोलायचं राहिलं

(मुलाच्या नाकाखाली धरलेला छोटा आरसा)

“पा पा पा” म्हणताना आरशावर वाफ धरता कामा नये. धरली, तर हवा नाकातून निसटतेय. कोल्हापुरातल्या या खोलीत स्पीच थेरपिस्ट मॅडमची, म्हणजे उच्चार शिकवणाऱ्या मॅडमची, तपासणी अशी सुरू होते. हवा तोंडातल्या टाळूतून गळत असेल तर मूल पुन्हा सर्जनकडे. घशातून अक्षरं काढायची सवय असेल तर काम मॅडमचं.

हा मुलगा सहा वर्षांचा, आजऱ्याहून एसटीनं आलेला. जन्मतः टाळू दुभंगलेला. ऑपरेशन साधारण वर्षाच्या आसपास, बोल फुटायच्या सुमारास व्हायला हवं. याचं पाच वर्षं उलटल्यावर झालं. तोवर प, ट, क ही अक्षरं तो घशातूनच काढायला शिकला होता. घरचे म्हणत राहिले, “ऑपरेशन झालंय, आता बोलंल की.” या एका वाक्यासाठी आम्ही ही फिल्म केली.

(जुने फोटो : वांद्रे)

बारावी सायन्सनंतर घरच्यांना मेडिकल हवं होतं. मॅडम गेल्या वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, बीएएसएलपीला, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच्या उपचारांच्या पदवीला. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आणि मुंबईतच नोकरी. सुट्टीत त्या मोफत शस्त्रक्रिया शिबिरांना जाऊ लागल्या. तिथं सर्जन असत, भूलतज्ज्ञ असत, नर्स असत. टाके भरल्यावर उच्चार शिकवायला मात्र कुणी नसे. नोकरी सोडून त्या कोल्हापूरला परतल्या आणि शिबिरातल्याच एका सर्जनबरोबर पुढं टांझानियाला गेल्या.

तिथं थेरपिस्ट अगदी मोजके, आणि भाषा स्वाहिली. आपल्याकडे “काका, काकडी कापा” म्हणून घेतात, तशी एकेका अक्षराची वाक्यं त्यांनी तिथल्या नर्सबरोबर बसून जुळवली. ती रोज घोकून घ्यायची आईनं. म्हणून मॅडम मुलांपेक्षा नर्सना आणि आयांनाच जास्त शिकवतात. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

(लॅपटॉपचा पडदा)

कोल्हापुरात साडेअकरा, तिकडं टांझानियात सकाळचे नऊ. नर्स एका मुलीला समोर बसवते, मॅडम इथून नुसते ओठ हलवून दाखवतात.

आजऱ्याच्या मुलाचा ‘प’ आता ओठांवर आलाय. ‘क’ बाकी आहे.

दुभंगलेला टाळू राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो. तपासणी पथक अंगणवाडीत आलं, की ऑपरेशनबरोबर स्पीच थेरपीचंही विचारा.