भाऊरावांची पंगत

[सकाळ. दसरा चौक. रहदारीचा आवाज हळूहळू खाली येतो.]

सकाळी सातच्या सुमारास दसरा चौकात उभं राहिलं की कोल्हापूर जागं होताना दिसतं. दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली, केएमटीची बस, चहाच्या गाड्यावर घोळका करून उभी असलेली कॉलेजची पोरं, आणि चौकात शाहू महाराजांचा पुतळा. आजूबाजूला पाट्या दिसतात: जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. रोजच्या येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचं काही अप्रूप राहिलेलं नाही. पण खेड्यातल्या पोराला दोन वेळचं जेवण आणि पथारी टाकायला जागा मिळाली, तरच ते शहरात राहून शिकेल, हे सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलेलं हे गाव आहे. ‘बोर्डिंग’ हा शब्द कोल्हापूरकराला परका वाटतच नाही.

आजची गोष्ट याच गावातल्या एका बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलेल्या मुलाची, पुढे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांची आहे.

आधी या बोर्डिंगांविषयी थोडं सांगायला हवं. १८९६ साली राजाराम कॉलेजसाठी सर्व जातींच्या मुलांचं एक वसतिगृह निघालं होतं. काही वर्षांतच तिथे जवळपास एकाच जातीची मुलं उरली. शाहू महाराजांनी त्यातून धडा घेतला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, आणि मग एकेका समाजाचं एकेक करत वीसच्या वर वसतिगृहं. जात मोडायला निघालेल्या राजाने जातवार वसतिगृहं का काढली, असं आज कुणी विचारतं. आम्हाला वाटतं, महाराजांना पहिल्यांदा पोर गावातून उचलून आणायचं होतं. आपल्या मुलांसाठी समाज पैसा काढतो, जागा देतो, देखरेख ठेवतो. पोर एकदा शिकलं की पुढचं पुढे. आणि महाराज स्वतः तिथेच थांबले नाहीत. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चारचौघांदेखत चहा पिणारा हा राजा. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवायला लावली.

[कुंभोज. गावाचा रस्ता, मागे बाहुबलीचा डोंगर.]

हातकणंगले तालुक्यातलं कुंभोज. इथे आजोळी २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊरावांचा जन्म झाला. घराणं जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून, त्यामुळे आज इथे तर उद्या तिथे. आई गंगाबाई. पोराचं लक्ष पुस्तकापेक्षा तालमीत आणि पोहण्यात जास्त. इस्लामपूरला असताना अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, ही आठवण आजही सांगितली जाते.

पुढे शिकायला कोल्हापूरला. शाळा राजाराम हायस्कूल, मुक्काम जैन बोर्डिंगात. गणित काही जमेना. खुद्द महाराजांनी शब्द टाकला, तरी मास्तरांनी ऐकलं नाही. हा मुलगा ज्या बाकावर बसतो तो बाक वरच्या वर्गात पाठवीन, पण याला पाठवणार नाही, असं ते म्हणाले म्हणे. कोल्हापुरात जुन्या मास्तरलोकांत हा किस्सा दोघांचाही मान राखून सांगतात. राजाचा शब्दही न मानणारे मास्तर, आणि मास्तरांचं ऐकून घेणारा राजा.

आता १९०८. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू होत होतं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात पाऊल टाकायचं नाही.

भाऊराव म्हणाले, मी आंघोळ करणार नाही.

एक बादली पाण्याचा प्रश्न होता. डोक्यावर चार तांबे ओतले असते की ताट समोर आलं असतं, बोर्डिंग टिकलं असतं, शाळा टिकली असती. सभेत समतेवर बोलून घरी आल्यावर मुकाट आंघोळ करणारे त्या काळात कमी नव्हते. त्यांचीही अडचण असेल. या वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला मात्र ते चार तांबे अंगावर घेणं जमलं नाही, कारण घेतले असते तर ज्यांच्या समारंभाला तो गेला होता त्यांच्यामुळे आपण बाटलो, हे त्याने कबूल केल्यासारखं झालं असतं. बोर्डिंग सुटलं. आसरा मिळाला तो शाहू महाराजांच्या राजवाड्यात.

बोर्डिंगची सूत्रं तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. मोठे विद्वान, पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले. हे नाव लक्षात ठेवा.

[जुन्या कोल्हापूरची कृष्णधवल छायाचित्रं.]

भाऊराव साताऱ्याला गेले. मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले, लोक ‘पाटील मास्तर’ म्हणू लागले. आणि १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. संशय घेतला गेला लठ्ठ्यांवर. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आलं. ज्याने बोर्डिंगातून काढलं त्याचा हिशेब चुकता करायला याहून सोपी संधी कुठली? भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला साफ नकार दिला. त्याबद्दल तुरुंग भोगला, आणि तिथे छळ इतका झाला की जीव नकोसा होऊन त्यांनी तो संपवायचाही प्रयत्न केला. त्यातून वाचले, बाहेर आले.

हे सगळं महाराजांच्याच संस्थानात घडलं होतं. मनात अढी बसायला एवढं कारण पुरेसं होतं. पण भाऊरावांनी ना लठ्ठ्यांवर डूख धरला, ना महाराजांविषयीची भक्ती पातळ होऊ दिली. त्यांच्या आयुष्यातली मोठी कामं पुढे आहेत, आम्हाला मात्र त्यांचा मोठेपणा इथेच पहिल्यांदा दिसतो.

पुढची काही वर्षं ते किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. या हिंडण्याने त्यांना शेतकऱ्याचं घर आतून दाखवलं. कर्ज, अंगठा, आणि गुरांमागे जाणारी पोरं. नांगराने जमीन उलथेल, पण अंगठा उठवणारा हात सहीला यायचा तर शाळा हवी. शाळा गावात नाही, आणि शहरात राहायची सोय नाही. म्हणजे गोष्ट फिरून बोर्डिंगापाशीच आली.

सुरुवात त्याआधीच दुधगावात झाली होती, १९१० मध्ये. तिथल्या विद्यार्थी आश्रमासाठी मुष्टिफंड निघाला. जात्यावर दळायला बसलेल्या बाईने सुपातलं मूठभर धान्य आधी बाजूच्या मडक्यात टाकायचं, मग पहिला घास जात्यात. आठवड्याने मडकं रिकामं करून न्यायचं. मूठभर ज्वारी गरिबाच्या घरातूनही निघते, आणि जिने ती टाकली तिला ते बोर्डिंग आपलं वाटतं. भाऊरावांच्या संस्थेचं सगळं अर्थकारण त्या मडक्यात होतं, असं आम्हाला वाटतं.

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि धननीच्या बागेत बोर्डिंग सुरू झालं. मुलं अगदी मोजकी, पण जाती वेगवेगळ्या. कोल्हापुरात महाराजांनी एकेका समाजाची चूल पेटवून दिली होती. साताऱ्यात भाऊरावांनी सगळ्यांची एकच चूल मांडली. स्वयंपाक मुलांनीच पाळीपाळीने करायचा, पाणी भरायचं, भांडी घासायची. पीठ महाराच्या पोराने मळलं की मराठ्याच्या, हे भाकरीवर लिहिलेलं नसतं. १९०८ मध्ये ज्या दारात त्यांना थांबवलं होतं, ते दारच या बोर्डिंगात ठेवलं नव्हतं.

[लक्ष्मीबाईंचं छायाचित्र. क्षणभर शांतता.]

या पंगतीचा भार उचलला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्याही कुंभोजच्याच, सुखवस्तू घरातल्या लेक, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवरा जातपात न मानणारा, घरात कुठकुठली पोरं आणून ठेवणारा. सुरुवातीला त्यांना हे जड गेलं. जाणारच. पण एकदा त्या पोरांना त्यांनी आपलं म्हटलं, मग मागे काही ठेवलं नाही. बोर्डिंगात दाणा संपला की एकेक दागिना जायचा. पाटल्या गेल्या, हार गेले. एकदा भाऊराव वर्गणीसाठी बाहेरगावी, कणगी रिकामी आणि पोरं उपाशी. अंगावर मंगळसूत्र तेवढं उरलं होतं. तेही त्यांनी काढून दिलं.

त्या काळातल्या सवाष्ण बाईने गळ्यातलं मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय, हे आमच्या आजीच्या पिढीला समजावून सांगावं लागलं नसतं. लोक काय म्हणतील ते तर होतंच. त्याहून मोठी भीती अशुभाची. ती बाजूला सारून त्या बाईने ज्वारी आणवली आणि पोरांना जेवू घातलं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. पुढचं काही बघायला त्या राहिल्या नाहीत. रयतेच्या शाळांमधून आज त्यांना ‘रयतमाउली’ म्हणतात.

१९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याच्या बोर्डिंगात आले. त्यांच्या हस्ते बोर्डिंगाला नाव दिलं गेलं: छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस.

[पायऱ्या चढणारी मुलं, वडाचं झाड, रयतेचं बोधचिन्ह.]

त्यानंतर काम फोफावलं. १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय, कारण खेड्यात टिकणारा मास्तर खेड्यातलाच हवा. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाने साताऱ्यात हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ ही भाऊरावांच्या लेखी नुसती योजना नव्हती. मुलं माळरान खणायची, दगड फोडायची, शेत पिकवायची आणि त्याच हातांनी वह्या लिहायची. स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद, आणि खूण वडाच्या झाडाची. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पांढरी दाढी, खादी, खांद्यावर घोंगडं. मुलं ‘अण्णा’ म्हणायची, लोक ‘कर्मवीर’.

मोठी रक्कम देतो, कॉलेजचं नाव तेवढं बदला, असा प्रस्तावही एकदा आला होता. एकवेळ बापाचं नाव बदलीन, पण शिवाजी महाराजांचं बदलणार नाही, हे त्यांचं उत्तर साताऱ्या-कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ आहे.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. राजाराम हायस्कूलचा तो बाक तेव्हा कुणाला आठवला असेल का, असं मनात येतं. त्याच वर्षी पद्मभूषण, आणि ९ मे रोजी पुण्यात त्यांचं निधन. आज रयतेच्या सातशेच्या वर शाखा आहेत. कोल्हापूर-सातारा-सांगलीच्या पट्ट्यात कुठल्याही गावात पारावर बसा, ‘मी रयतमध्ये शिकलो’ म्हणणारा एक तरी माणूस तिथे निघतोच.

[कुंभोज. सकाळचे साडेदहा.]

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा कुंभोजला गेलो. शाळा भरायची वेळ होती. सायकली, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या. कॅमेरा लावला तशी दोन वेण्यांची एक मुलगी सायकल थांबवून बघत उभी राहिली.

“कशाचं शूटिंग हाय?”

भाऊराव पाटलांचं, आम्ही म्हटलं.

“ते आमच्या गावचं,” ती म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली, आणि पायडलवर उभी राहून तिने सायकल हाणली.