क्रानेलचा बास्क माणूस

हा पुतळा नीट बघा. मागे उंच दगडी स्तंभ आणि त्याच्या पायथ्याशी एक माणूस उभा आहे. युद्धस्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर संगीन रोखलेला जवान येतो, पण ह्याच्या अंगावर युनिफॉर्म नाही, हातात बंदूक नाही, गावाकडचे साधे कपडे घालून हा नुसता उभा आहे आणि तोंड दक्षिणेकडे, कारण त्याचं घर तिकडे आहे, रस्त्याने गेलात तर जवळपास नऊशे किलोमीटर लांब.

हे आहे उत्तर फ्रान्समधलं क्रानेल गाव, आणि हे १९२८ साली उभारलेलं बास्क लोकांचं स्मारक. पहिलं महायुद्ध संपून तोवर दहा वर्षं झाली होती.

बास्क म्हणजे पिरेनीज डोंगराच्या दोन्ही अंगाला राहणारे लोक, काही फ्रान्समध्ये तर काही स्पेनमध्ये, आणि त्यांची भाषा एकदम वेगळी, आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं लागत नाही. १९१४ ला फ्रान्सने ह्या भागातली पोरं उचलली ती ३६ व्या डिव्हिजनमध्ये गेली. बायोनची ४९ वी रेजिमेंट, पो शहराची १८ वी, शिवाय ३४ वी आणि १२ वी. आणि हे सांगायलाच हवं की स्मारकाला नाव बास्क लोकांचं असलं तरी ह्या रेजिमेंट्समध्ये शेजारच्या बेआर्न आणि लांदमधली पोरंही तेवढीच होती, मेली ती सगळी सोबतच. भरती त्या त्या भागातून व्हायची, त्यामुळे एका गावची, एका खोऱ्यातली पोरं एकाच खंदकात, आणि मग एका वाईट दिवसात एकाच गावातल्या किती घरांत बातमी जाणार ह्याचा नुसता विचार करा. त्यात डोंगरातल्या कित्येकांना फ्रेंच धड येत नव्हतं आणि हुकूम मात्र सगळे फ्रेंचमध्ये.

आता वर बघा, ती लांबलचक टेकडी. शमँ दे दाम, म्हणजे राजघराण्यातल्या बायकांची वाट, पंधराव्या लुईच्या मुली इथून बग्गीने जायच्या म्हणून हे नाव. किती गोड नाव आहे, आणि ह्याच वाटेवर काय काय झालं! टेकडीच्या पोटात दगडाच्या जुन्या खाणी आहेत, इथले लोक त्यांना क्रूत म्हणतात, सैनिक तोफांपासून वाचायला आत शिरायचे. जानेवारी १९१५ मध्ये अशाच एका खाणीचं तोंड तोफगोळ्यांनी कोसळलं आणि ह्या डिव्हिजनची माणसं आतच अडकली.

मग आलं १९१७. फ्रेंच सैन्याचा प्रमुख जनरल निवेल म्हणाला दोन दिवसांत जर्मन फळी फोडतो. १६ एप्रिलला हल्ला सुरू झाला, वरून गारठा आणि बर्फ, आणि दोन दिवस सोडा, आठवडे गेले तरी फळी काही फुटली नाही. ४ मे ला १८ व्या रेजिमेंटने शेजारचं क्रान गाव घेतलं. गाव म्हणजे काय, विटांचा चुरा. ते नंतर पुन्हा जुन्या जागी बांधलंच नाही, खाली उतारावर नवीन वसवलं, जुन्या जागेवर आज झाडं आहेत आणि चालताना पायाखाली जमीन अजून खड्ड्याखड्ड्यांची लागते.

पण गोष्ट इथे संपत नाही. क्रान घेणाऱ्या ह्याच १८ व्या रेजिमेंटला मागे विश्रांती मिळणार असं सांगितलं होतं, आणि मे संपता संपता हुकूम आला परत फ्रंटवर चला. पोरं बिथरली, जायला नकार दिला. पाच जणांना मृत्युदंड सुनावला, एकाला माफी मिळाली, आणि १२ जूनला मेझी गावात तिघांना गोळ्या घातल्या. कासिमीर कानेल, आल्फोन्स दिदिए, ज्याँ-लुई लास्पलासेत. महिन्याभरापूर्वी ह्यांच्याच रेजिमेंटचं कौतुक चाललं होतं हो! मला तरी हे वाचताना गलबलून येतं. १९९८ मध्ये पंतप्रधान जोस्पाँ क्रानला येऊन म्हणाले की अशा सैनिकांना देशाच्या आठवणीत परत जागा मिळायला हवी. त्याला एक्क्याऐंशी वर्षं जावी लागली.

आणि पाचवा? त्याचं नाव व्हँसाँ मुलिया, लांदचा, क्रानच्या लढाईत शौर्य गाजवलेला कॉर्पोरल. गोळ्या घालायला काही तास उरले असताना तो निसटला आणि शेवटी पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये गेला, बरीच वर्षं तिकडेच राहिला, १९८४ पर्यंत जगला. मेझीहून निघताना त्याने जी दिशा धरली असेल ना, हा पुतळा तिकडेच बघत उभा आहे.