जिन्याखालचं पोसकें

(डिचोलीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला वाटेत अडवून विचारलं, ‘बाई, चतुर्थी तोंडावर आली आणि तुम्ही इंग्रजी जादूगारावर बोलणार?’ हो, बोलणार. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी दुपारी इथल्या बालविभागात मुलांना वाचून दाखवते. मुलं भांडून मागून नेतात अशी पुस्तकं मी फार थोडी पाहिली. त्यांतलं हे एक. ज्या पुस्तकाचे कोपरे मुलांच्या बोटांनी काळे पडतात, ते आपण मोठ्यांनी एकदा तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला हवं. आपण ते वाचत नाही. एक तर ‘खूळ आहे, जाईल’ म्हणतो, नाहीतर घाबरतो.

ओळखीपुरतं सांगते. जे. के. रोलिंग या लेखिकेचा पहिला हॅरी पॉटर २६ जून १९९७ रोजी लंडनला निघाला. पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रती. सातवा आणि शेवटचा भाग २१ जुलै २००७ ला आला. आज ८० हून अधिक भाषांत ५० कोटींहून जास्त प्रती गेल्या आहेत. पहिल्या पुस्तकाच्या मूळ नावात ‘तत्त्वज्ञाचा दगड’ आहे. अमेरिकेतल्या प्रकाशकाला वाटलं, तत्त्वज्ञ म्हटलं तर पोरं हात लावणार नाहीत, म्हणून तिथे १९९८ साली तो ‘जादूगाराचा दगड’ झाला. मराठीत मात्र ‘परीस’ हा एक शब्द पुरला. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याला अभंगांतून केव्हाच भेटलेला आहे.

आता माझ्या मुद्द्याकडे येते. या पुस्तकावरची भांडणं बहुतेक जादूच्या छडीवरून झाली, मंत्रांवरून झाली. मला ते पुस्तक जिन्याखालच्या कपाटातून दिसतं.

इथे बसलेल्या वयस्क मंडळींना ‘पोसकें’ म्हणजे काय ते सांगायला नको. तरुणांसाठी सांगते. गोव्यातल्या मोठ्या घरांत गरिबाघरचं किंवा अनाथ मूल आणून ठेवायची रीत होती. ख्रिस्ती घरांत हा शब्द उघड वापरात होता. हिंदू घरांत शब्द वेगळा असेल, पण रीत होती. लोकांना सांगायचं, ‘आमच्या घरचंच आहे ते.’ मग घरच्या त्या मुलाने पहाटे पाणी भरायचं, भांडी घासायची, बाकीच्यांची मुलं खेळवायची, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं आणि रांधणीच्या कोपऱ्यात नाहीतर जिन्याखाली निजायचं. नाव घरचं, जागा परक्याची. कुणी त्याला मारतच होतं असं नाही. पुष्कळ घरांत मायाही होती. पण वाटणी करताना, लग्न ठरवताना, फोटो काढताना ते मूल कुठे उभं राहायचं, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक असायचं.

हॅरी हे मावशीच्या घरचं पोसकें आहे. १० वर्षं तो जिन्याखालच्या कपाटात निजतो, कोळ्यांच्या सोबतीने. मावसभावाचे ढगळ कपडे घालतो. आईवडील मोटार अपघातात गेले असं त्याला खोटं सांगितलेलं असतं आणि जास्त प्रश्न विचारायची मुभा नसते. मग एक दिवस पत्र येतं. आयुष्यातलं पहिलं पत्र. पाकिटावर त्याचं नाव आणि खाली पत्ता: ‘जिन्याखालचं कपाट’.

मी वाचताना इथे नेहमी थांबते. शाळेत प्रवेश मिळाल्याची बातमी आत आहे, ती पुढे कळेल. पण हे मूल नेमकं कुठे निजतं हे जगात कुणाला तरी माहीत आहे, ही बातमी पाकिटावरच आहे. घरातली माणसं जे शेजाऱ्यांपासून लपवत होती, ते हिरव्या शाईत लिहून दारात येऊन पडलं. मावसा घाबरतो तो जादूला असेल, पण त्या पत्त्यालाही घाबरतो. पत्ता वाचल्याबरोबर तो हॅरीला वरची खोली देतो, ही गोष्ट विसरू नका.

आता वादांकडे वळते. अमेरिकेत २००० ते २००९ या दशकात ग्रंथालयांतून काढून टाकावीत म्हणून ज्या पुस्तकांविरुद्ध तक्रारी आल्या, त्या यादीत ही मालिका सगळ्यांत वर होती. मुख्य तक्रार ही, की ही पुस्तकं मुलांना चेटूक शिकवतात. डिसेंबर २००१ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या ॲलमोगोर्डो गावात एका चर्चने ती होळीत टाकली. २०१९ साली पोलंडमध्ये काही धर्मगुरूंनी जाळली आणि टीका झाल्यावर माफी मागितली. पुढे पोप झालेल्या कार्डिनल रात्सिंगर यांनी २००३ मध्ये एका पत्रात या पुस्तकांच्या सूक्ष्म मोहाबद्दल काळजी व्यक्त केली होती, तर २००९ मध्ये व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राने सहाव्या चित्रपटात चांगलं आणि वाईट यांच्यातली रेघ स्पष्ट आहे म्हणून कौतुक केलं. तेव्हा ‘चर्चचा विरोध’ असं सरसकट म्हणू नका. तिथेही वाचणारी माणसं होती आणि न वाचणारीही होती.

सातव्या भागात हॅरी आईवडिलांच्या थडग्यापाशी जातो. नाताळची आदली रात्र, बर्फ पडलेला. दगडावर बायबलमधली ओळ कोरलेली आहे, संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातली: शेवटचा शत्रू मृत्यू, त्याचाही नाश होईल. जवळच्याच दुसऱ्या थडग्यावर मत्तयच्या शुभवर्तमानातली ओळ आहे, जिथे तुझं धन तिथे तुझं मन. सगळी मालिका या दोन ओळींत आली, असं लेखिकेने २००७ मध्ये स्वतः सांगितलं. ॲलमोगोर्डोच्या लोकांनी सहा वर्षं कळ काढली असती तर त्यांना हे वाचता आलं असतं.

पुस्तकं जाळण्याची गोष्ट गोव्यात तरी परक्याची म्हणून ऐकता येत नाही. १६व्या शतकात इथली देवळं पडली तशा पोथ्याही आगीत गेल्या. उरलं त्यातलं काही अशा वाटेने उरलं की ऐकून गप्प व्हायला होतं. रामायण-महाभारतातल्या आपल्या कथा रोमन लिपीत उतरवलेल्या पोथ्या आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. इथल्या लोकांचा धर्म समजून घेऊन त्यांना धर्मांतराकडे वळवावं म्हणून पाद्र्यांनी त्या लिहवून घेतल्या. खोडून काढायला का होईना, त्यांनी त्या वाचल्या, म्हणून त्या राहिल्या.

आणि भुताखेतांची भीती आपण मुलांना दाखवावी, हे तर मला गोव्यात अगदीच पटत नाही. आपली पोरं देवचाराच्या गोष्टी ऐकत वाढतात. गावाची शीव राखणारा, हातात दांडा, खांद्यावर कांबळं, वर्षाकाठी ज्याच्यासाठी नवी वहाणं ठेवतात तो. रात्री उशिरा वाट चुकलेल्याला त्याने घरापर्यंत पोचवल्याच्या हकिगती प्रत्येक वाड्यावर आहेत. त्या ऐकून कुणी चेटूक शिकायला गेल्याचं मी पाहिलं नाही. अंधारातसुद्धा आपली कुणीतरी राखण करतं, एवढंच मूल त्यातून घेतं.

पुस्तकात भिण्यासारखं आहे, ते वेगळं आहे. ते रक्ताबद्दल आहे. हॅरीची जादूची शाळा हॉगवर्ट्स, ती चौघांनी काढली. त्यातल्या एकाचं म्हणणं, जादूगारांच्या शुद्ध रक्ताच्याच मुलांना घ्या, बाहेरच्यांना नको. त्याचं नाव सालाझार, पोर्तुगालच्या हुकूमशहाचंच. इथे स्वातंत्र्यसैनिकांच्या घरातली माणसं बसली आहेत. हे नाव कानावर पडल्यावर तुम्हाला आग्वादचा तुरुंग आठवतो की नाही? लेखिका १९९१ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तोला इंग्रजी शिकवायला गेली होती. त्या देशात राहून आलेल्या बाईला या नावाचं वजन ठाऊक असणारच.

दुसऱ्या भागात माल्फॉय नावाचा मुलगा हॅरीच्या मैत्रिणीला, हरमायनीला, तिच्या रक्तावरून शिवी देतो. वर्गात सगळ्यांत हुशार ती, आणि एका शब्दात तो तिला बाहेर उभी करतो. हे वाचल्यावर मी मुलांना विचारलं, असं आपल्याकडे कसं म्हणतात? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आमच्याकडे शिवी देत नाहीत. आडनाव विचारतात.’ सातवीतली मुलगी. आडनाव, मग गाव, मग वाडा, मग कुळार, म्हणजे माहेर, कोण. चार प्रश्नांत माणूस कुठे बसवायचा ते ठरतं. आणि ख्रिस्ती मित्रांनी मान हलवू नये. धर्म बदलून ४०० वर्षं झाली तरी बामण, चारडो, सुदीर हे जातीचे हिशेब लग्नाच्या वेळी तुमच्याकडेही निघतातच. शुद्ध रक्तासाठी माणसं मारणारा व्होल्डेमॉर्ट स्वतः मिश्र रक्ताचा आहे, त्याचा बाप साधा माणूस. बापाचं नावसुद्धा त्याने टाकून दिलं.

त्याचं दुसरं भय मरणाचं. मरण येऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या जिवाचे तुकडे करून वेगवेगळ्या वस्तूंत लपवले. हे वाचलं की आपली मुलं लगेच ओरडतात, ‘पोपट!’ सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात ज्याचा जीव आहे तो राक्षस त्यांना आजीने सांगितलेला असतो. पण या राक्षसाला प्रत्येक तुकड्यासाठी एक खून करावा लागतो आणि दर वेळी तो थोडा कमी माणूस उरतो. आजीच्या राक्षसाची अशी झीज होत नव्हती.

पहिल्या भागातल्या आरशाबद्दल बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. त्या आरशात ज्याला जे सगळ्यांत जास्त हवं ते दिसतं. हॅरीला आईवडील दिसतात. मागे उभे, हात हलवणारे. वळून बघितलं तर खोली रिकामी. तो रात्रीमागून रात्री तिथे जाऊन बसतो, आणि शेवटी शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर त्याला समजावतात की या आरशापुढे बसून माणसं झिजून गेली आहेत. रोलिंगची आई १९९० च्या डिसेंबरात वारली, अवघ्या ४५ व्या वर्षी. आपण असं काही लिहितो आहोत हे मुलीने आईला सांगितलेलंही नव्हतं. पोर्तोला गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिने हे प्रकरण लिहिलं.

माझ्या शनिवारच्या मुलांत एक सहावीतला मुलगा होता. त्याचे वडील त्या पावसाळ्यात गेले होते. आम्ही आरशाच्या पुढे चार प्रकरणं गेलो, तरी तो वाचन संपल्यावर मागे थांबायचा आणि म्हणायचा, ‘बाई, आरशाचें परत एकदां वाचात.’ तीन शनिवार मी वाचलं. चौथ्या शनिवारी त्याने विचारलं नाही, बाकीच्यांबरोबर चेंडू घेऊन बाहेर पळाला. वाचकाचं रडणं-सावरणं पुस्तक कसं करतं ते मला शास्त्राने सांगता येणार नाही. मी फक्त पाहिलेलं सांगते.

आता मला जे खटकतं ते. या शाळेत घरकाम करणारे चिमुकले गुलाम आहेत, स्वयंपाक करणारे, अंथरूण घालणारे, आणि पुस्तक म्हणतं की त्यांना गुलामीच आवडते. एकटी हरमायनी त्यांच्यासाठी संघटना काढते आणि सगळे तिला हसतात, लेखिकाही थोडीशी हसते. ज्या मुलाला स्वतः जिन्याखाली निजावं लागलं, तो शेवटच्या लढाईनंतर मनात आणतो की आपल्या चाकराने काहीतरी खायला आणून दिलं तर बरं. पोसक्याला घर मिळालं की त्याला दुसरं पोसकें दिसेनासं होतं. हे मी माफ करू शकत नाही, आणि मुलांना ते दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. तसंच पार्वती आणि पद्मा या पाटील बहिणींचं. आडनाव ऐकून आमच्या मुली केवढ्या खूश झाल्या! पण सात पुस्तकांत त्या दोघींच्या मनात काय आहे ते कळायची वेळच येत नाही.

आणि २०२० पासूनचा वाद, ट्रान्स व्यक्तींबद्दलच्या लेखिकेच्या भूमिकेचा. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी आपण बोलतो आहोत, असं तिचं म्हणणं. हॅरीचं काम केलेल्या डॅनियल रॅडक्लिफने जाहीरपणे लिहिलं की ट्रान्स स्त्रिया या स्त्रियाच आहेत, आणि दुखावलेल्या वाचकांची क्षमा मागितली. माझा एक जुना विद्यार्थी, आता कॉलेजात आहे, सातही भाग पिशवीत भरून इथे घेऊन आला. म्हणाला, ‘बाई, घरात ठेवता येत नाहीत आणि फेकवतही नाहीत.’ लेखिकेचं म्हणणं मला पटत नाही, ते मी त्याला सांगितलं. पुस्तकं ठेवून घेतली. जिन्याखालच्या पोरालाही जागा आहे असं ज्या पुस्तकाने त्याला लहानपणी सांगितलं, त्याच्याच लेखिकेने आपल्यासाठी दार लोटलं असं त्याला वाटलं, तर ते दुःख खरं आहे. त्यावर ‘कलावंत वेगळा, कलाकृती वेगळी’ असं म्हणून त्याची पाठवणी करणं मला जमलं नाही. तेच भाग आता कपाटात तिसऱ्या फळीवर आहेत, नव्या मुलांच्या हातांत फिरतात.

वाचनाला एक म्हातारी बाई यायची, नातवाला सोडायला. दाराजवळ बाकावर बसायची, छत्री मांडीवर आडवी. लहानपणी ती म्हापशाकडच्या एका मोठ्या घरात पोसकें होती, हे मला फार उशिरा कळलं. पत्राचं प्रकरण वाचलं त्या दिवशी ती नातवाला घेऊन न बोलता गेली. पुढच्या शनिवारी मुलं यायच्या आधी येऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

‘त्या भुरग्याक मागीर खोली मेळ्ळी?’

‘मेळ्ळी,’ मी म्हटलं. ‘वयर.’

‘तिका जनेल आसा?’

मी सांगितलं, आहे. पुढे मावसा त्या खिडकीला गज लावतो आणि एका रात्री मित्र उडती मोटार घेऊन येतात, गज उपटून त्याला बाहेर काढतात, हेही सांगितलं. तिने छत्री भिंतीला टेकवली आणि दाराजवळचा बाक सोडून पुढे, मुलांच्या चटईवर येऊन बसली.